फणसाच्या दोन पेट्या

“उजवी पेटी उजवीकडेच ठेव गो. एवढां चुकव नको, बाकीचां चलात.”

जेटीवरून होडीत चढताना ह्यांनी सांगितलेलं हे शेवटचं वाक्य. मी मान हलवली. कळलं आहे असं मला तेव्हा खरंच वाटलं होतं.

हे मालवाहू बोटीवर विजेचं काम बघायचे. दोन वर्षं बंदरोबंदरी फिरून त्यांनी एकेक वस्तू जमवली होती. तबकडी फिरवणारं यंत्र एका देशाचं, आवाज वाढवणारा अँप्लिफायर दुसऱ्याचा, आणि काळ्या कागदाचे दोन गोल स्पीकर तिसऱ्याचेच. त्या स्पीकरांना पेट्या मात्र इथेच, लवू सुताराकडून, फणसाच्या लाकडाच्या करून घ्यायच्या होत्या. त्या पुऱ्या होण्याआधी कंपनीची तार आली. हे पंधरा दिवस आधीच निघाले आणि जोडणी माझ्या गळ्यात पडली. लिहून दिलेला एक कागद होता. तो मी पोथीत ठेवला आणि पोथीसारखाच रोज वाचला. रोज थोडा कमी कळला.

हा सगळा खटाटोप माझ्या सासऱ्यांसाठी. दाजींनी चाळीस वर्षं देवळात भजनाला पखवाज वाजवला. त्यांचा डावा कान कधीच गेला होता, आता उजवाही निघाला होता. शिमग्यापर्यंत टिकला तर नशीब, असं डॉक्टर म्हणाले होते. ह्यांनी विलायतेहून एक तबकडी आणली होती. कोणी गवई धृपद गातो आणि साथीला नुसता पखवाज. कान पुरता जाण्याआधी दाजींनी तो एकदा नीट ऐकावा, एवढंच ह्यांना हवं होतं.

कागदावर लिहिलं होतं, पेटीच्या आत सावरीचा कापूस भरणे. लवू हातातला रंधा ठेवून माझ्याकडे बघत राहिला.

“वयनी, बाजो करतंस की उशी?”

“हेंनी लिवलानी आसा, तसां कर,” मी म्हटलं.

यंत्र अगदी सपाट बसायला हवं होतं. मी त्यावर ताम्हणात पाणी ठेवलं आणि पाणी एका अंगाला झुकायचं थांबेपर्यंत पायांखाली पुठ्ठ्याचे तुकडे सारले. सुईचा भार तीन ग्रॅम हवा होता. ग्रॅम म्हणजे किती हे मला ठाऊक नव्हतं. बाळा सोनार आपला लहान तराजू घेऊन घरी आला. म्हणाला, “तीन ग्रॅम म्हणजे पाव तोळो. आजपावत सुई तोलूक माका कोणी बोलवूक नाय.” एका पारड्यात त्याने वजन ठेवलं, दुसऱ्यावर ती सुई टेकवली आणि सुईच्या दांड्यामागचं चाक फिरवत काटा मध्यावर आणला. काय साधलं ते त्यालाही कळलं नाही.

उरल्या दोन पेट्या. उजव्या पेटीच्या वायरीला ह्यांनी लाल दोरा बांधून ठेवला होता. यंत्र ओटीच्या मागच्या भिंतीशी मधोमध ठेवलं, पेट्या ओटीच्या दोन टोकांना. मी यंत्रासमोर उभी राहिले, लाल दोऱ्याची पेटी यंत्राच्या उजवीकडे लावली, हात जोडले. यंत्राला हळदकुंकू वाहिलं. सुईला नाही, तेवढी अक्कल होती.

सोमवारी सकाळी व्रताच्या तुळशीच्या प्रदक्षिणा आटोपल्यावर दाजींना ओटीवर बसवलं. त्यांची खुर्ची वर्षानुवर्षं एकाच टोकाला असते, तिथून देवळाचा कळस दिसतो म्हणून. शेजारच्या पेटीकडे उजवा कान करून ते बसले. मी सुई टेकवली.

गवयाने आवाज लावला. दाजींनी डोळे मिटले. थोड्या वेळाने उघडले.

“गाणारो बरो आसा. पखवाजी खंय गेलो? जेवूक?”

मला तर पखवाज चांगला ऐकू येत होता. शिमग्याला अजून तीन महिने होते. कान आजच गेला की काय? पण गेला म्हणावं तर गाणं कसं ऐकू येतं? कानातून एकटा पखवाजच कसा जाईल? मी सुई पुसली, तबकडी पुसली, परत पहिल्यापासून लावली. दाजी म्हणाले, “नाय.”

शेजारच्या बाबलीला बोलावलं. तो वीज कचेरीत वायरमन. यंत्राजवळ उकिडवा बसून त्याने मान डोलावली.

“पखवाज आसा मगे. लख्ख वाजता.”

“माका येडो समजतास?” दाजी म्हणाले. “नसलेलो पखवाज आयकूक सांगतास?”

मी त्यांच्या उजव्या कानाशी वाकले. माझा आवाज मुळातच खालचा, त्यांच्याशी बोलायला मला नेहमी जवळ जावं लागतं. “दाजी, यंत्रात काय तरी बिघाड आसतलो.”

बाबली माझ्याकडे सरकून म्हणाला, “बिघाड कसलो, वयनी. चाळीस वर्सां तोच आवाज आयकान कान कंटाळलो आसतलो.” मला हसू आलं नाही. ह्यांना पत्रात काय कळवायचं, ह्याच विचारात मी होते.

दाजी चिडून उठले. काठी टेकत ओटीच्या दुसऱ्या टोकाने अंगणात उतरायला निघाले. लाल दोऱ्याच्या पेटीपाशी पोचले आणि पायरीवर टेकलेली काठी त्यांनी परत वर घेतली.

“हय आसा गो तो,” ते म्हणाले. “हय कोपऱ्यात बसलो आसा.”

बाबलीने या पेटीला कान लावला, धावत जाऊन त्या पेटीला लावला. पखवाज एकीत, गाणं दुसरीत. मग मला विचारलं, “उजवी खंयची?”

“लाल दोऱ्याची. यंत्राच्या उजव्या हाताक लायलंय.”

“यंत्राचो उजवो हात?”

मी सांगू लागले आणि सांगता सांगताच मला कळत गेलं. देवळात गुरव देवाच्या अंगाला कळ्या चिकटवून कौल लावतो तेव्हा उजवी कळी म्हणजे देवाची उजवी. समोर उभ्या माणसाच्या ती डाव्या हाताला येते. लहानपणापासून मी समोरच्याचा उजवा धरत आले. ह्यांनी सांगितलेला उजवा ऐकणाऱ्या माणसाचा होता.

बाबली पायरीवर बसून पोटभर हसला. मग त्याने वायरी बदलल्या. दाजी खुर्चीत बसले, आणि पहिल्याच थापेला त्यांची मान हलली. कान गेला नव्हता. मी देवाला मनात नमस्कार केला.

पाचेक मिनिटं ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “होतां तसां कर.”

मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात चूक झाली. “दाजी, आताचांच बरोबर आसा.”

“बरोबर आसतलां. ह्यो वाजयता तो बरोच. पण तो हय बसलो, मगे माझी जागा खंय? मघाशी गाणारो एकटोच होतो.”

ह्यांचं वाक्य मोडायचं की दाजींचं, मला ठरवता येईना. ह्यांनी उजवं म्हटलं होतं, ते एकदाचं साधलंही होतं. शेवटी मीच वायरी काढून पुन्हा चुकीच्या लावल्या.

गवई एकटा गाऊ लागला. दाजींचे हात मांड्यांवर पडू लागले, आधी चाचपडत, मग बोलांनी. त्यांनी पखवाज सोडल्यापासून आठ वर्षांत मी ते हात तसे पाहिले नव्हते.

तबकडी संपली. “माळ्यार माझो पखवाज आसा,” ते म्हणाले. “चामड्याचे पुडये उंदरांनी खाल्ल्यानी. कट्टा गावाक गुणाजी मढवून देता. कान आसा तवसर व्हयो.”

“देतंय मढवून,” मी त्यांच्या कानाशी म्हटलं.

म्हणून गेले खरी. व्रताच्या दिवसांत मी चामड्याला हात लावत नाही, आणि आता पुरा मार्गशीर्ष पुढे होता. नेम मोडतो की नाही, कोणाला विचारावं तेही सुचेना. ह्यांना लिहायला घेतलेल्या पत्राचा कागद ‘उजवी पेटी’ एवढ्या दोन शब्दांवर थांबला होता.

दुसऱ्या दिवशी तुळशीच्या एकशे आठ प्रदक्षिणा घातल्या. पखवाज माळ्यावरून उतरवला, जुन्या लुगड्यात गुंडाळला. दाजी झोपले होते. कट्ट्याची एसटी साडेसातला सुटते. पखवाज काखेत घेऊन मी दार ओढून घेतलं आणि चालू लागले.