विबंध

सुशीलाबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पुरता पिकला होता आणि जीव थोरल्या लेकात, लखनमध्ये, अडकला होता. लखन अकरा वर्षांपूर्वी सुरतेला कामाला गेला, असं धाकट्या केवलरामने अख्ख्या नवेगाव बांधाला सांगून ठेवलं होतं. दर दिवाळीला त्याचा फोन आल्याचंही तोच सांगे. खोटं बोलावं तर रेटून, हा त्याचा बाणा.

खरी गोष्ट अशी, की तलावात जाळं टाकताना दोघा भावांचं वाजलं, लखनचा डोंगा उलटला, आणि केवलरामने हातातला बांबू पुढे केला नाही. वर आलेला देह त्यानेच बांधाखाली, बेशरमाच्या झुडपात पुरला.

यंदाच्या चैतात, भरदुपारी, एक दाढीवाला अनोळखी माणूस अंगणात येऊन उभा राहिला. "लखन आला का रे?" आतून म्हातारीने विचारलं. केवलरामला वाटलं, म्हातारी सुखाने डोळे मिटेल आणि आपलं खोटंही आयतं खरं ठरेल. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा!

"हो माय, लखनच होय," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी म्हातारी गेली. थोरला म्हणून अग्नी त्या माणसाने दिला. तेरवी झाल्यावर तो जाईल, असा केवलरामचा हिशेब. तो गेला नाही. केवलरामच्या शब्दावर गावातल्या छोटेलालने त्याला आपली पोरगी दिली, तलाठ्याकडे वारस म्हणून त्याचं नाव चढलं. मग तो लखनसारखी शीळ घालू लागला. लखनसारखा, भाताचा पहिला घास मुंग्यांना टाकू लागला. केवलरामची झोप उडाली. या माणसाला घराबाहेर काढल्याशिवाय आता जगणं नाही, असं त्याला वाटू लागलं. शेवटी तो अर्जुनीला ईश्वरदास वकिलाकडे गेला.

"तो माहा भाऊ नाही, वकीलसाहेब."

"तुम्हीच तं भाऊ म्हटलं! तुमच्या शब्दावर छोटेलालनं पोरगी देली. आता शब्द फिरवता येत नाही. कायद्यात याले विबंध म्हणतेत."

केवलरामला फक्त 'बांध' ऐकू आलं.

"बांधाचं तुमाले कोणं सांगतलं?"

"विबंध, भाऊ, विबंध!" वकील हसला. "हां, खरा लखन कोठी हाय ते दाखवता आलं, तं गोष्ट वेगळी."

केवलराम उठला.

घरी आला तेव्हा तो माणूस घरापुढच्या सपरीत शिंगाडे सोलत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"वकिलाले बांधाचं काऊन पुसलं गा, केवल्या?"

वकिलाच्या खोलीत तिसरं कोणीही नव्हतं.

"तू... तू कोण होस?"

"तुह्याच तोंडानं तं सांगतलंस. पटत नसन तं चाल, फावडं घे. दोघंही जाऊ, बेशरम उपटू. तेथी कोण निघते, ते लोकायले दाखवू."

त्याने एक पांढराशुभ्र शिंगाडा सोलून भावापुढे धरला आणि वाट पाहिली.

"सांग ना गा. मी लखनच होय ना?"

"हो," केवलराम म्हणाला.