वर उचललेले हात

तळ्यात बारा बायका होत्या, काठावर दोघी, पाण्यावर दोन डोंगे, डोंग्यांत चार पुरुष, आणि पलीकडे कमळांच्या देठांत अठरा बगळे. धुकेही होते, ते मोजता येत नव्हते. कार्तिकाचे कोवळे ऊन त्या धुक्यातून गाळून पाण्यावर उतरत होते, आणि पाणी त्याला नाकारत नव्हते, कारण पाणी कुणालाच नाकारत नाही.

शिंगाड्यांचा हंगाम होता. गळ्याएवढ्या पाण्यात, हिरव्या वेलींच्या जाळ्यात, बायकांच्या माना तेवढ्या दिसत. खोल पाणी पुरुषांचे. पोहणे पुरुषांचे. बायकांना हे तळे एकच गोष्ट शिकवी: हाक.

पहिल्यांदा उतरणाऱ्या मुलीला जुनी बाई काठावर उभी करी, तिचे दोन्ही हात आभाळाकडे उचलून धरी आणि तीनदा ओरडायला लावी. पाय घसरला तर हेच करायचे. हात वर, हाक मोठी, डोंगा येतोच. ही हाक दिल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकायचे नाही.

गेल्या हंगामात देवकाबाईचा पाय तळातल्या जुन्या खड्ड्यात गेला. तिने हात वर केले, शिकवले होते तसे. हिरव्या बांगड्यांचे, ओल्या उन्हाचे दोन हात. ती ओरडली, शिकवले होते तसे. डोंगा पोचला तेव्हा पाणी गुळगुळीत झाले होते.

तिसऱ्या दिवशी ती आपण होऊन वर आली, आणि गावाने दोन्हींचा अर्थ लावला. जिवंतपणी बुडाली, कारण बाईचे अंग जड. मेल्यावर तरंगली, कारण पाप गळून गेले.

पाप कसले? कुजणाऱ्या आतड्यांत वायू साठतो, देह फुगतो, फुगलेला देह वर येतो, साधूचाही, चोराचाही. आणि जड कोण? भरल्या छातीचा माणूस पाण्याहून हलका असतो, अगदी किंचित. बाई तर बहुधा पुरुषाहून हलकी. त्या किंचितावर सारा जीव टांगलेला. हात बाहेर काढले की पाणी त्यांचा भार सोडून देते, आणि तो भार डोक्याला खाली दाबतो. ओरडले की छातीतली हवा, माणसाची ती एकुलती एक होडी, तोंडावाटे निघून जाते. निर्मळ, निर्दोष, निरपेक्ष पाण्याने तिला झेलून धरले होते. तिला बुडवले काठावरच्या शिकवणीने.

आज त्याच काठावर देवकाबाईची लेक कौतिका उभी होती. तिच्या आत्याने, भागरताबाईने, तिची मनगटे धरली. देवकाबाईचे हातही एकदा तिनेच असे धरले होते.

"उचल वं हात. अन् आरड."

"नाही उचलत."

"हाक नाही तं पाणी नाही. मंग शिंगाडे काय डोळ्यानं तोडशील?"

डोंग्यातून डोमाजी हसला. "मायसारखीच हट्टी. जड आंगाची जात."

कौतिकाने मान वळवली. "माह्या मायचे हात वरच होते, काकाजी. तुम्ही डोंग्यातून पाह्यले नं?"

वल्हे थांबले. बारा जणींचे हात वेलींत थांबले.

रिवाज मोडून कौतिका उतरली. पाणी गळ्याला लागताच तिने तळ सोडला, दोन्ही हात आभाळाकडे उचलले आणि हाक दिली. अर्धीच. उरलेली अर्धी बुडबुडे झाली. मनगटे वर राहिली, चेहरा गेला. भागरताबाई लुगड्यासकट पाण्यात धावली.

कौतिका पाय टेकून उठली, खोकली, आत्याचा हात तिने बाजूला केला.

"हे तुम्ही शिकवलं. आता मी शिकली ते पाहा."

सारा पावसाळा, घरामागच्या बोडीत, त्या लहानशा तळ्यात, कंबरभर पाण्यात, ती एकटीच, संतापाने, तरंगायला शिकली होती. तिने छाती भरून श्वास घेतला आणि रोखला. हात पाण्याखाली पसरले. मान मागे टाकली. कान बुडू दिले. पाय सावकाश खाली झुकले, केस काळ्या कमळासारखे उलगडले, आणि चेहरा राहिला: ओल्या कपाळाचा, मिटल्या ओठांचा, उघड्या डोळ्यांचा, धुक्यातून गाळलेल्या उन्हात.

भागरताबाई जवळ सरकली, आणि बोटे एकमेकांना चिकटवून तिने त्या चेहऱ्याशेजारी आडवी धरली.

पाण्यापासून नाकपुडीपर्यंत तीन बोटे.