राणीचा गाल

गळ्यातला राणीछाप चांदीचा रुपया सोडवून स्वप्नालीनं तो चिंचेनं खसखसून घासला, पदरानं पुसला आणि न्हाणीच्या झरोक्याखाली धरून मोबाइलवर फोटो काढले. एक राणीच्या तोंडाचा, एक मागच्या वेलबुट्टीचा, एक कडेचा. निरवांगी गावातल्या त्या भरल्या घरात आतून कडी लावता येईल अशी जागा तेवढीच होती.

रुपया तसा तिचा नव्हता. नवऱ्याची, विजयसिंहची, पहिली बायको वारली, नकोशी तिचं नाव, आणि वर्षाच्या आत स्वप्नाली या घरात आली. दुसरेपणाच्या बाईनं मेलेल्या सवतीचा चांदीचा टाक घडवून गळ्यात घालायचा, नवी साडी आधी तिला दाखवायची, ही रीत. सासूनं, म्हणजे सारजाबाईनं, टाक काही घडवला नाही. नकोशीच्याच गळ्यात असायचा तो रुपया काळ्या दोऱ्यात ओवून हिला घातला. सोनाराचा खर्च वाचला. स्वप्नालीला सुरुवातीला त्याचं भ्यावच वाटायचं.

खायला-ल्यायला ददात नव्हती. फक्त उंबरा ओलांडायचा नाही. बारामतीतला नर्सिंगचा कोर्स लग्नापायी अर्ध्यावर सुटला होता, आणि विषय काढला की सारजाबाईचं ठरलेलं उत्तर यायचं.

"नकुशी इतकी वर्सं नांदली. कदी म्हणली न्हाय भाईर जाते म्हणून. लई सुकात हुती."

हॉस्टेलवरची मैत्रीण श्रेया हल्ली बारामतीत मामाच्या जुन्या नाण्यांच्या दुकानात बसायची. रुपया विकला तर हॉस्टेलचं भागेल आणि कोर्स पुरा होईल, एवढ्या आशेवर स्वप्नालीनं फोटो पाठवले. लगेच फोन वाजला.

"घासलास?"

"व्हय. देवाचे टाक घासतो तसा. फोटो चांगला यावा म्हणून."

"अगं बाई! गिऱ्हाईक जुन्या नाण्याचा काळपटपणाच बघतं. तू आंघोळ घालून ठेवलीस त्याला."

"म्हंजी गेला?"

"चांदीच्या भावात जाईल. फार तर."

स्वप्नाली तिथंच बादलीशेजारी बसली. बाहेर पडायला एकच वाट सापडली होती, ती स्वतःच्याच हातानं चिंच लावून बुजवली. तिला रडू फुटलं.

"थांब जरा," श्रेया म्हणाली. ती फोटो मोठा करून बघत असावी. "चिंचेचे ओरखडे नवे आहेत, सगळीकडे सारखे. पण राणीचा गाल पार सपाट झालाय, तो चिंचेनं नाही. आणि गळ्यातलं नाणं अंगाला लागून मागून झिजतं. याची पाठ धड आहे. हे कुणीतरी अंगठ्यानं चोळलंय, एकाच जागी, वर्षानुवर्षं. तू चोळतेस का?"

"मला दोनच वर्सं झाली हितं."

"दोन वर्षांत एवढं नाही होत."

फोन ठेवून स्वप्नालीनं रुपया हातात घेतला. राणीच्या गालावर तिचा अंगठा नेमका बसला. दुपारची कामं आटोपली की माजघरातल्या खिडकीशी उभी राहून ती हेच तर करायची. कधीपासून, ते तिला आठवेना. त्या घरात रस्ता दिसणारी खिडकी तेवढी एकच होती. नकोशीलाही तीच असणार. लई सुखात होती म्हणे! सवतीसाठी जीव इतका तुटेल, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पैशांचं तिथं गेल्यावर बघू, असं ठरवून तिनं दोरा पुन्हा गळ्यात बांधला आणि पिशवीत दोन साड्या कोंबल्या. विजयसिंह सुप्याच्या बाजाराला गेला होता. दारात सारजाबाई उंबऱ्यावर आडवे पाय पसरून गुडघ्यांना तेल चोळत बसली होती. पिशवी बघून तिचा हात थांबला.

"कुठं निगालीस?"

"बारामतीला, आत्या. कोर्स पुरा करायला."

"एकलीच?"

स्वप्नालीचा अंगठा रुपयावर गेला.

"न्हाय," ती म्हणाली. "दोघी निगालोय."

सारजाबाईनं त्या अंगठ्याकडं पाहिलं. नकोशीचा अंगठाही असाच तिथं जायचा. मग तिनं उंबऱ्यावरचे पाय हळूहळू जवळ ओढून घेतले.