शोधाची चौकट

माढा तालुक्यात आता बालविवाह होत नाहीत, असं वैजयंतीताईंनी ठरवून टाकलं होतं, आणि ताईंनी एकदा ठरवलं की ब्रह्मदेव खाली आला तरी ते बदलत नाही. सोलापुरातल्या त्यांच्या संस्थेचं संकेतस्थळ होतं, त्यावर तक्रारीचा फॉर्म. कुठं पोरीचं वयाआधी लग्न ठरलं तर कुणीही तो भरावा, आणि संस्थेच्या माणसांनी पोलिसांना घेऊन गाव गाठावं. करमाळ्याहून तक्रारी यायच्या, अक्कलकोटहून यायच्या. माढ्यातून वर्षभरात एकही नाही. म्हणजे माढा सुधारला! संस्थेला पैसा पुरवणाऱ्या पुणेकरांच्या बैठकीत ताई हे माईकवरून सांगणार होत्या.

दवाखान्याला कुलूप घातलं की गावात कुणी आजारीच पडत नाही, त्यातली गत. पण हे ताईंना सांगणार कोण?

आकडे काढायचं काम बुद्धप्रियाकडं होतं. मुलगी हुशार, कामाला वाघ. पण तिनंही हे आकडे कधी उलटून पाहिले नव्हते. पुणेकरांनी अट घातली, की नुसती बेरीज नको, मूळ नोंदी दाखवा, तेव्हा कुठं तिनं संकेतस्थळाची मोजदाद क्लाऊडवरच्या डेटा वेअरहाऊसला जोडायला घेतली. म्हणजे काय, तर मोजदाद करणारी यंत्रणा आपल्याला गोळाबेरीज दाखवते. एखादी गोष्ट दोघातिघांनीच केली असेल, तर त्यांची ओळख फुटू नये म्हणून ती गाळून टाकते. वेअरहाऊस हे भाड्याचं गोदाम. तिथं गाळणी नाही. कुणी काय दाबलं, काय लिहिलं, सगळं ओळीनं येऊन पडतं. सोमवारी तिनं जोडणी केली आणि गुरुवारी सकाळी चहाचा कप हातात घेऊन पहिल्यांदा त्या ओळी उघडल्या.

आधी तिला फॉर्मच दिसला. उघडणारे भरपूर आणि पाठवणारे मोजके. उघडणारी बहुतेक माणसं एकाच जागी थांबत होती. मोबाईल नंबर टाका, आलेला ओटीपी टाका. निवडणुकीत कुणीतरी विरोधकाच्या घरच्या लग्नावर खोटी तक्रार ठोकली होती, म्हणून ताईंनी सांगितलं आणि बुद्धप्रियानंच ती अट घातली होती. तेव्हा दोघींना आपण फार शहाणपणा केला असं वाटलं होतं.

मग तिथं थांबलेली माणसं पुढं काय करतात, हे पाहायला ती खाली सरकली. पानाच्या वरच्या कोपऱ्यात शोधाची चौकट होती. कायदा, वयाचा दाखला, असलं काही हवं असेल तर तिथं लिहून शोधायचं. ती चौकट कुणाला नंबर मागत नाही. एकाच फोनवरून, एकाखाली एक, ओळी पडल्या होत्या:

माज लगीन शुक्रवारी हाय
मी नववीत हाय मोडनिंब
टेंभुर्णी रोड पत्र्याच शेड रामहरीची मुलगी
पप्पाचा नंबर देता येत न्हाई
कोन वाचतय का

मोडनिंब म्हणजे माढा तालुकाच. कप खाली ठेवताना चहा टेबलावर सांडला, तो तिनं पुसलाही नाही. प्रत्येक ओळीला संकेतस्थळानं दिलेलं उत्तर तिला पाठ होतं, कारण तेही तिनंच लिहिलं होतं: काही सापडलं नाही, शब्द बदलून पाहा. आणि ती पोरगी खरोखर शब्द बदलून बदलून पाहत होती.

आणखी दोन फोनवरून असंच लिहिलेलं होतं. त्या दोघींनी गावाचं नाव घातलं नव्हतं.

ती लॅपटॉप तसाच उचलून ताईंच्या खोलीत गेली. ताईंनी चष्मा लावला, वाचलं आणि नेहमीच्या तोऱ्यात म्हणाल्या, "कुणीतरी खोडी केली असणार."

"ताई, खोडी करणारा पप्पांचा नंबर देता येत नाही असं कशाला लिहील?"

ताईंनी पुन्हा वाचलं. त्या खुर्चीत मागं टेकल्या आणि त्यांचा चेहरा पार उतरून गेला.

"शुक्रवार म्हणजे उद्या," एवढंच त्या म्हणाल्या, आणि फोन उचलला.

तासाभरात संस्थेची जीप मोडनिंबच्या रस्त्याला लागली होती. पोलीस आणि ग्रामसेवक तिथंच भेटणार होते. वाटेत ताईंनी एकदम विचारलं, "याच्या आधीच्या ओळी?"

"नाही मिळत ताई. जोडल्या दिवसापासूनच्याच येतात. मागचं गाळलेलं ते गेलंच."

"म्हणजे वर्षभरात कुणी असं लिहिलं असेल तर?"

बुद्धप्रियाला त्या सोमवारच्या जोडणीचीच लाज वाटायला लागली होती. त्याच्या आधीच्या सोमवारी का नाही, गेल्या वर्षी का नाही. कुणी अडवलं होतं?

पत्र्याच्या शेडपुढं मांडव पडला होता. हळद लागली होती. बायका जात्यावरची गाणी म्हणता म्हणता पोलिसांची गाडी बघून थांबल्या. रामहरी पुढं आला. माणूस दांडगा नव्हता, उलट खाकी बघून हडबडला.

"तुमाला सांगितलं कुनी? आमच्या घरातनं तर कुनी फोन केला न्हाई," तो परत परत म्हणत राहिला. त्याला मुलीच्या लग्नापेक्षा आधी हेच कोडं सोडवायचं होतं. ग्रामसेवकानं त्याला बाजूला बसवून कायदा सांगितला, शिक्षा सांगितली, मुलाकडच्यांनाही फोन गेला. आरडाओरडा झाला, एक म्हातारी ताईंच्या अंगावर धावून आली. ताई तिथल्या तिथं उभ्या राहिल्या. दुपारपर्यंत रामहरीनं अठरा पुरी होईस्तोवर लग्न करणार नाही असं लिहून दिलं, आणि मांडवाचे बांबू सुटायला लागले.

मुलीचं नाव ऋतुजा. हळदीनं पिवळे झालेले हात मांडीवर ठेवून ती आतल्या खोलीत बसली होती. ती रडेल, गळ्यात पडेल, अशी बुद्धप्रियाची अपेक्षा होती. पण पोरगी तिलाच धक्का बसल्यासारखं हळूच म्हणाली, "म्हंजी तुमी वाचता व्हय?"

"वाचलं ना. आज सकाळी वाचलं." बुद्धप्रिया तिच्याशेजारी बसली. "फोन कुणाचा होता?"

"आमचाच जुना. सिम न्हाई त्यात. शेजारच्या वायफायवर चालतुया."

"आणि त्या चौकटीत लिहायचं तुला सुचलं कसं गं?"

"मला कुटं सुचतंय? आक्कानं दावलं की." ऋतुजानं बोटांवरची हळद खरवडली. "ती लई लिवायची त्यात. दिवाळीच्या आदी, रोज. तिचंबी लगीन ठरलं हुतं नव्हं. तुमचं कुनी आलं न्हाई. जाताना मला म्हनली, तू लिवत ऱ्हा, कदी ना कदी वाचत्याल."

बुद्धप्रियाला पुढचं विचारायचं नव्हतं. तरी तिनं विचारलं.

"कुठं असते आक्का?"

"करमाळ्याकडं दिलीया. दहावीला हुती." ऋतुजा आता जरा मोकळी झाली होती. "पुढल्या म्हैन्यात येनार हाय हितं, बाळंतपनाला. तवा तुमीच तिला सांगा, वाचत्यात म्हनून. माजं खरं न्हाई वाटायचं तिला."