धाकट्याकडची दुसरी किल्ली

कुलूपवाल्याची हयात किल्ल्या घासण्यात गेली. गिऱ्हाइकाला किल्ली देताना तो हमखास बजावायचा, "दुसरी किल्ली घरातल्याच विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. दोन्ही एकाच खिशात ठेवून हरवणारे शहाणे मी खूप पाहिलेत." आता हा नियम कुलपापुरता ठेवावा की नाही? पण नाही. बँकेचं कार्ड आलं, तसा त्याचा पिन नंबर आणि सगळ्या ओळखपत्रांच्या झेरॉक्स त्याने धाकट्या भावाकडे नेऊन दिल्या.

पुढे लेकीच्या नर्सिंगसाठी कर्ज मागायला गेला, तर बँकेने नकार दिला. त्याच्या नावावर म्हणे दुसरंच एक कार्ड निघालं होतं आणि त्यावरची उधारी थकली होती. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. लेकीची फी भरायची मुदत तोंडावर आली होती.

दुसऱ्या दिवशी धाकटा सोबत आला. वाटभर चोराला शिव्या घालत होता.

बँकेतल्या बाईंनी आधी दोन्ही कार्डं बंद केली. त्याच्या नावावर परस्पर कर्ज निघू नये म्हणून अर्जही भरून घेतला. मग म्हणाल्या, "आता पोलिसांत तक्रार द्या. तिची प्रत आली की ही उधारी तुमच्या नावावरून काढता येईल. मुलीचं कर्जही पुढे सरकेल."

"पोलीस कशाला?" धाकटा म्हणाला. "दादा, आपण दोघं मिळून फेडू की. हळूहळू."

कुलूपवाल्याने त्याच्याकडे पाहिलं. जन्मात कधी चहाचे पैसे न देणारा हा प्राणी चोराची उधारी फेडायला निघाला होता.

"बाई, ते कार्ड कुठल्या पत्त्यावर गेलं?"

बाईंनी पत्ता वाचला. धाकट्याचंच घर. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

"धंदा बसला होता, दादा. भरणारच होतो," धाकटा पुटपुटला. "वहिनीला सांगू नकोस."

कुलूपवाल्याला राग आला, पण त्याहून जास्त लाज वाटली, जशी काही चोरी त्यानेच केली होती. वडील गेल्यावर याला त्याने पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. गप्प बसला असता तर भाऊ वाचत होता. लेक मात्र घरी बसत होती.

तो तसाच उठून पोलीस ठाण्यात गेला. धाकटा मागोमाग आला आणि पायरीवरच थांबला.

"कुणावर संशय?" पोलिसाने विचारलं.

"संशय नाही, साहेब. माहीत आहे."

"नाव सांगा."

आई बाळाला घेऊन घरी आली, त्या दिवशी ते नाव त्यानेच हट्टाने ठेवलं होतं. पोलिसाला पुन्हा विचारावं लागलं, तेव्हा कुठे त्याने ते नाव सांगितलं.