डोळ्यांखालची सूज

"ह्या ड्रायव्हरच्या गाडीत मी लेकरांना बसवायचा न्हाई," पाथर्डीच्या स्टँडवर एक फेटेवाला गाडीचं दार अडवून ओरडत होता. "डोळं बघा त्याचं. सकाळी सकाळीच टाकून आलाय!"

गहिनीनाथ स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसला. कंडक्टर सहादू खाली उतरला.

"पाव्हनं, ड्रायव्हरभाऊ माळकरी हाय. च्याबिगर कशाला शिवत न्हाई."

"मग डोळ्याखाली त्या पिशव्या कशाच्या?"

गाडीत कुणीतरी हसलं. फेटेवाला बायको-मुलांना घेऊन बाजूला झाला आणि त्याचं बघून आणखी दोघे-तिघे उतरले. गहिनीनाथने गाडी सुरू केली. शर्टाच्या आतली तुळशीची माळ काढून दाखवावी असं त्याला क्षणभर वाटलं. पण अशी दाखवायची माळ त्याने घातलेली नव्हती.

संध्याकाळी नगरला पोचल्यावर वाहतूक नियंत्रक आबासाहेबांनी त्याला खोलीत बोलावलं.

"साहेब, मी पीत न्हाई."

"मला ठाऊक आहे रे. पण तक्रारी लेखी यायला लागल्यात. मला वर कळवावंच लागतं. सोमवारी डॉक्टरांकडे जाऊन ये. त्यांनी ठीक म्हटलं तर गाडी तुझी."

"आन् न्हाई म्हनले तर?"

आबासाहेबांनी टेबलावरची टोपी उचलून डोक्यावर ठेवली.

दिवाळीनंतर कधीतरी ही सूज सुरू झाली होती. सकाळी उठला की डोळ्यांखाली लिंबाएवढे फुगवटे, आणि पापण्या जड. रस्त्यावरची धूळ, जागरण, ऊन, असं काहीबाही तो स्वतःला सांगत असे. दिवस उतरेपर्यंत बूटही आवळायला लागत, पण ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. गावाकडे सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. भाऊ मच्छिंद्र आणि भावजय दुष्काळी कामावर खडी फोडत होते. दोन्ही घरांत मिळून भरवशाचा असा त्याचा एकट्याचाच पगार होता. अशा वर्षी ड्रायव्हरने आजारी पडायचं नसतं, एवढंच त्याला कळत होतं.

घरी आल्यावर त्याने लंकाबाईला सगळं सांगितलं. सावेडीच्या रस्त्याला त्यांची भाड्याची एक खोली होती. चुलीपुढे बसून तिने ऐकून घेतलं आणि पदराने त्याचा चेहरा पुसला, जसा काही तो आरोप तोंडावरच चिकटला होता.

"सोमवारपतुर उतरवते मी सूज," ती म्हणाली.

शेजारच्या राहीबाईने तिला कापडबाजारातल्या अत्तरवाल्याचं नाव सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी लंकाबाई तिथे जाऊन उभी राहिली. म्हाताऱ्या दुकानदाराने दोन-तीन कुप्या उघडून तिच्या नाकाशी धरल्या.

"ये गवती चहाचं तेल. पाल्याची वाफ धरून काढतात. सूज ओसरते, असं लोक सांगतात."

"डोळ्याखालची ओसरंल का?"

"अब बहन, डोळ्याचं मी कसं सांगू? लावायचं तर खोबरेलात एक थेंब, बस. नुसतं लावू नका. आग होईल."

तिने पुढचं ऐकलं. पण मनात धरलं ते पहिलंच.

त्या रात्रीपासून ती त्याच्या डोळ्यांखाली बोटाने तेल चोळू लागली. खोलीभर लिंबासारखा उग्र वास सुटे. शनिवारी एकादशी होती. गहिनीनाथने ती कडक धरली. पाण्याशिवाय काही घेतलं नाही. देवाला एवढं तरी दाखवावं, असं त्याच्या मनात होतं. आणि रविवारी सकाळी लंकाबाईने त्याला आरशापुढे ओढत नेलं.

"बघा! बघा की!"

खरंच सूज निम्मी झाली होती. गहिनीनाथ आरशात बघत राहिला. आपला चेहरा परत भेटला तसं त्याला झालं.

"गुन हाय बघ तेलाला," तो म्हणाला आणि कितीतरी दिवसांनी हसला.

लंकाबाईने त्या दिवशी मायेने स्वयंपाक केला. उपाशी माणूस, उद्या डॉक्टरांपुढे उभं राहायचं, अंगात ताकद हवी. बाजरीची भाकरी, मिठात मुरवलेल्या मिरच्या, झणझणीत पिठलं. तो जेवत होता तोवर ती वाढत राहिली.

सोमवारी सकाळी त्याचे डोळे उघडेनात. पापण्या चिकटल्यासारख्या, गाल वर आलेले. लंकाबाईने दिव्याच्या उजेडात त्याचा चेहरा बघितला आणि तिच्या हातातला तांब्या सुटला.

"अगं, दाव आरसा."

"नगं. थांबा. थांबा जरा."

तिने कुपी घेतली. खोबरेलाची बाटली शेजारीच होती. तिच्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. तळहातावर तेल ओतून तिने तसंच डोळ्यांखाली चोळलं, एकदा, पुन्हा एकदा. गहिनीनाथ ओरडला. दोन्ही हातांनी डोळे दाबून तो भिंतीला टेकला. ती त्याच्या तोंडावर पाणी मारत होती आणि "उतरंल, आत्ता उतरंल" म्हणत रडत होती.

तशाच लाल, सुजल्या डोळ्यांनी, बायकोच्या खांद्याला धरून तो दवाखान्यात गेला.

"काय लावलंय हे?" डॉक्टरांनी नाक आक्रसलं. "वास लपवायला का?"

"न्हाई साहेब. सूज उतरायला. माझी मंडळी लावती."

डॉक्टरांनी त्याला तोंड उघडून श्वास सोडायला लावला. मग डोळे धुतले आणि खाली वाकून त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. डॉक्टर त्या खळग्याकडे बघत राहिले. आता त्यांच्या आवाजातली धार गेली होती.

"लघवी तपासू," ते म्हणाले.

काचेच्या नळीत लघवी घेऊन त्यांनी ती स्पिरिटच्या दिव्यावर धरली. उकळी येताच नळीत पांढरं पांढरं साकळलं, दूध नासावं तसं.

"तुम्ही पीत नाही. मी तसं लिहून देतो."

गहिनीनाथने हात जोडले. "लई उपकार झाले. मग गाडीवर जाऊ ना साहेब?"

"गाडी आता नाही. मूत्रपिंडं गेलीत तुमची. हे वरचं नाही, आतलं पाणी आहे. मीठ आजपासून बंद. चिमूटभरसुद्धा नाही. उपास केला की सूज कमी वाटायची का?"

लंकाबाईने पदर तोंडात धरला. काल आपण काय काय वाढलं, ते एकेक तिच्या डोळ्यांपुढे येत होतं.

"डाक्टरसाहेब," ती पुढे झाली, "वरची सूज उतरली तर आतलं बरं हुईल का? मी अजून तेल आनते. इचारून, बेतानं लावते."

पुण्याला मोठ्या दवाखान्यात एकदा दाखवा, एवढंच डॉक्टर गहिनीनाथला म्हणाले; पण ते त्यांनी खिडकीकडे बघत म्हटलं.

पुण्यालाही तेच सांगितलं. डेपोतलं, गाडीबाहेरचं कामही त्याला झेपेना. उन्हाळा लागायच्या आत खोली सोडून गावी जायचं ठरलं. निघायच्या दिवशी आबासाहेब स्वतः स्टँडवर आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दारूचा थेंब नव्हता या माणसाच्या पोटात. डॉक्टरांनी लिहून दिलंय." चहाच्या टपरीवरचे ड्रायव्हर-कंडक्टर उभे राहिले. गहिनीनाथने मान हलवली. हे ऐकायला तो इतके दिवस तडफडला होता आणि आता ते दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत असं त्याला वाटलं.

तिकिटाचे पैसे सहादूने देऊ दिले नाहीत. स्टिअरिंगवर कुणी नवा पोरगेला ड्रायव्हर होता. लंकाबाई खिडकीशी बसली आणि गहिनीनाथ तिच्या शेजारी. इतक्या वर्षांच्या संसारात एसटीत ती दोघं अशी शेजारी कधी बसली नव्हती. तो नेहमी पुढे, जाळीपलीकडे.

करंजीचा घाट लागला. पोरगा गाडी जरा जोरात उतरवत होता. पहिल्या वळणावर लंकाबाईने खाली बघितलं. गहिनीनाथचा सुजलेला उजवा पाय चपलेसकट गाडीच्या पत्र्यावर घट्ट दाबलेला होता. वळण सरलं तसा तो सैल झाला. पुढचं वळण दिसताच पुन्हा दाबला गेला.

पुढच्या दांडीला धरून तीही प्रत्येक वळणाला अंग आवरून बसू लागली, आणि दोघांनी मिळून गाडी घाटाखाली आणली.