उंबरठ्यावरची आजी

आमच्या गावात बाईला फार मान आहे. घरातली म्हातारी उंबरठ्यावर आडवी झाली, तर तिला ओलांडून जायची कुणाची छाती होत नाही. एरवी या मानाची फारशी गरज पडत नाही. लग्नासाठी मुलगी पळवून आणली, की तेवढा तो उपयोगी पडतो.

गेल्या शरदात सालीखाच्या मुलाने, जानिशने बुरुलला आणलं. बुरुल तालुक्याच्या गावी दातांच्या दवाखान्यात मदतनीस. जानिश तिथे दाढ काढायला गेला होता, तेवढीच ओळख. भर दुपारी बसथांब्यावरून त्याने आणि दोन मित्रांनी तिला गाडीत कोंबलं. घरी पोचेपर्यंत जानिशच्या मनगटावर दातांची खूण उमटली होती. मुलगी तिखट आहे, असं बायका कौतुकाने म्हणाल्या.

नवरीसाठी लावलेल्या पडद्यामागे बसवून सालीखा तिच्या डोक्याला पांढरा रुमाल बांधायला गेली. तो एकदा बसला, की मुलगी सून झाली. बुरुल रुमाल ओढून फेकत होती, बायका पुन्हा बांधत होत्या. आपण या गावात आलो तेव्हा किती रडलो, ते प्रत्येकीने सांगितलं आणि 'आता बघ' म्हणून ती थांबली. बुरुल बघत होती.

शेवटी ती उठून दाराकडे निघाली, तशी सालीखाने सासूला हाक मारली. कानीम्बूबू आजी आली, तिने उंबरठ्यावर उशी टाकली आणि आडवी झाली.

इथे जरा घाई झाली. आशीर्वाद द्यायला म्हणून होणारा सासरा आणि त्याचा भाऊ ओमुरझाक काका आत येऊन घोडीचं आंबवलेलं दूध पीत बसले होते. नवरदेवही होता. मटण बाहेर अंगणात कढईत शिजत होतं, आणि संडास अंगणाच्या पार टोकाला.

बुरुल भिंतीला टेकून खाली बसली. आजी उठेपर्यंत आपणही आहोतच, म्हणाली.

बराच वेळ गेला. मटणाचा वास येत होता. काका सारखी मांडी बदलत होते. आईला घटकाभर बाजूला सरकवावं, असं त्यांनी सुचवलं. पण दोघांनी आजीला उचललं, की बुरुल उभी राही, मग आजीला परत ठेवत. खिडकीचाही विचार झाला. काकांचा घेर पाहता तो पुढे सरकला नाही. पुरुषांनी ओलांडलं तर चालत असेल का, असं सासऱ्याने हळूच विचारलं.

"आईच्या अंगावरून पाय टाकणार होय रे, मेल्या?" आजी पडल्या पडल्या म्हणाली.

बुरुल जवळ सरकली. "आजी, तुम्हाला ओलांडलं तर काय होतं?"

"शाप लागतो. त्या पोरीला जन्मात सुख मिळत नाही."

"आणि नाही ओलांडलं तर?"

आजीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग सुनेकडे पाहिलं. सालीखा तिच्याकडेच पाहत होती.

"नीट विचार कर," जानिश म्हणाला. "परक्या घरात राहून गेलेली मुलगी. कोण करणार तुझ्याशी लग्न?"

"दाढ काढताना तू आईला हाका मारत होतास," बुरुल म्हणाली. "मी कुणाला बोलले नव्हते. आता बोलेन. आणि मी इथे माझ्या पायांनी आले नाही, पण जाणार माझ्याच पायांनी."

तिने रुमालाची घडी करून आजीच्या उशाशी ठेवली, बूट हातात घेतले आणि आजीला ओलांडलं. आजीने पाय पोटाशी घेतले होते. ते तिला वाट द्यायला की थंडीने, यावर गावात अजून दोन तट आहेत.

सालीखाने शापाची आठवण करून दिली. आजीने कूस बदलली.

अंगणात बुरुलने बूट घातले, कढईला वळसा घालून फाटक उघडलं आणि बसथांब्याचा रस्ता धरला.

तिच्या पाठोपाठ ओमुरझाक काकाही आईला ओलांडून बाहेर पडले. त्यांना लघवीला जायचं होतं.